पिल्लू मान टाकतंय? औषधाआधी त्याचं वय विचारा

“वैनी, पिल्लं माना टाकाय लागल्यात, कुठलं औषध देऊ?” असा फोन आला की मी लगेच औषधाचं नाव घेत नाही. आधी विचारते, पिल्लं किती दिवसांची? मग शीट कशी पडतेय? आणि तिसरं, रात्री कुठं बसली होती, अंगाखाली काय होतं? या तीन उत्तरांत आजार बराचसा उघडा पडतो. त्यातही वय सगळ्यात महत्त्वाचं. चार दिवसांच्या पिल्लाला रक्ती हगवण होत नाही आणि महिन्याच्या पिल्लाची बेंबी सुजत नाही. बहुतेक आजारांची यायची वेळ ठरलेली असते. म्हणून पिल्लं अंड्यातून बाहेर आली किंवा विकत आणली, की त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा. पुढं प्रत्येक वेळी तिथूनच मोजायचं.

मी पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका वाडीत राहते. उमेद अभियानात पशुसखी आहे. बचत गटातल्या बायकांच्या शेळ्या-कोंबड्या आजारी पडल्या की पहिली विचारपूस माझ्याकडे येते. मी डॉक्टर नाही. डॉक्टर येईपर्यंत काय करायचं आणि ते आल्यावर त्यांना काय सांगायचं, ते शिकले आहे. माहेर माझं माणमधलं, म्हसवडच्या बाजूचं. तिकडं पाऊस कमी, पण पौष-माघात पहाटेचा गारठा हाडात शिरतो. इकडं सासरी आषाढ-श्रावणात भिंतींना पाझर फुटतात, जमीन कोरडी म्हणून राहत नाही. त्यामुळं एकाच जातीची पिल्लं माहेरी गारठ्यानं दगावतात आणि इथं ओलीनं. तुमचं गाव कुठल्या बाजूचं आहे, ते ध्यानात ठेवून पुढचं वाचा. हे सगळं घरामागं दहा-वीस गावरान पिल्लं वाढवणाऱ्यांसाठी किंवा गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींची पन्नास-शंभर पिल्लं आणणाऱ्यांसाठी आहे. हजारो पक्ष्यांच्या शेडचा हिशेब वेगळा असतो.

बघायचं कसं

सकाळी डालगं उचलल्यावर लगेच दाणे टाकू नका. दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. निरोगी पिल्लू पायात येतं, डोळे टपोरे असतात, पंख अंगाला चिकटलेले, बूड कोरडं. आजारी पिल्लू पिसं फुगवून, पंख खाली सोडून, डोळे मिटून कडेला उभं राहतं. बाकीची पिल्लं त्याच्या अंगावरून जातात तरी हलत नाही. मग दाणे टाका. जे धावत आलं नाही, त्याला त्याच क्षणी उचला. संध्याकाळपर्यंत थांबलात तर लहान पिल्लू हातचं जातं, कारण त्याच्या अंगात साठा असा काही नसतोच.

कानही द्या. पोट भरलेली, उबेत असलेली पिल्लं हळू आवाजात चिवचिवत असतात. सगळी एकदम मोठ्यानं, न थांबता ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजतेय, नाहीतर पाणी संपलंय. रात्री झाकताना गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली तर त्या पिल्लानं दिवसभर काही खाल्लेलं नाही.

शीट बघायला लाज वाटून घेऊ नका. नेहमीची शीट तपकिरी-राखाडी, थोडी घट्ट, वर पांढरा थर. मधूनमधून एखादी शीट गडद तपकिरी, चिकट आणि भयंकर वासाची पडते. ती पाहून पुष्कळ बायका घाबरतात, पण ती आतड्याला जोडलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांमधून येते आणि प्रत्येक निरोगी कोंबडीला तशी होते. काळजी करायची ती खडूसारखी पांढरी, हिरवी पाण्यासारखी किंवा रक्त मिसळलेली दिसली तर.

आजार कुठलाही असो, पहिला तास असा घालवा

आजारी पिल्लू वेगळं काढा. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला बारदान किंवा जुनं सुती कापड, एका बाजूला ऊब, दुसरी बाजू मोकळी. म्हणजे पिल्लाला जास्त झालं तर सरकता येतं. उबेशिवाय कुठलंही औषध लागू पडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळता येत नाही. गारठलेलं पिल्लू खात नाही, पीत नाही, आणि आपण त्याच्या चोचीत औषध ओतत बसतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळ साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी, पुढं दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी करत जायची. तापमापी नसली तरी चालतं, पिल्लं स्वतःच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून गर्दी केली तर ऊब कमी आहे. दिव्यापासून लांब जाऊन चोची उघड्या टाकून धापा टाकत असतील तर जास्त आहे. सगळी एकाच कोपऱ्यात गेली असतील तर दुसऱ्या बाजूनं वाऱ्याचा झोत येतोय. सगळीकडं विखरून खात-पीत असतील तर बरोबर आहे. एका पिल्लामागं साधारण दोन वॅट, म्हणजे पन्नास पिल्लांना १०० वॅटचा एक बल्ब, असा अंदाज धरतात. पण बल्ब तारेचा, पिवळ्या उजेडाचा, जुना घ्या. एलईडी लावून उपयोग नाही. उजेड भरपूर आणि ऊब काहीच नाही. गावातल्या दुकानात तारेचे बल्ब आता सहज मिळत नाहीत, म्हणून पिल्लं आणायच्या आधीच कऱ्हाडातून दोन जादा आणून ठेवा. पावसाळ्यात वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवायच्या. कोळशाची शेगडी लावणार असाल तर वरच्या बाजूला हवा जायला जागा ठेवा. बंद खोलीत शेगडीच्या धुरानं पिल्लं झोपेतच जातात, आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही तो धोका असतो.

ऊब मिळाल्यावर पाणी. उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात दोन चमचे गूळ विरघळवा. पिल्लाची चोच त्यात नुसती टेकवा, ते स्वतः गिळेल. जबरदस्तीनं घशात ओतलं तर पाणी श्वासनळीत जातं. मीठ आपल्या अंदाजानं घालू नका. कोंबडीच्या पिल्लाला मीठ फार लवकर बाधतं, म्हणून लोणच्याचा खार लागलेलं किंवा खारट आमटीत कालवलेलं उष्टं अन्नही त्यांना टाकू नये.

पहिला आठवडा

अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा थोडा साठा असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. त्यामुळं आणल्यावर पहिल्या दिवशी नीट दिसणारं पिल्लू तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकतं. हे खाणं-पाणी न शिकलेलं पिल्लू असतं. आणलेल्या प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून मगच सोडा. कंटाळा येतो, पण चुकवू नका.

बेंबी बघा. पिल्लू उलटं धरून पोट पाहिलं तर बेंबी मिटलेली, कोरडी हवी. ती लाल, ओली, खपली धरलेली असेल, पोट फुगलेलं आणि मऊ लागत असेल, वास येत असेल, तर बेंबीतून जंतू आत गेलेत. अंडी घाण होती, उबवणीची जागा किंवा यंत्र घाण होतं, नाहीतर बेंबी मिटायच्या आत पिल्लू ओल्या जागेवर ठेवलं, यातलं काहीतरी झालेलं असतं. अशी पिल्लं बहुतेक पहिल्या आठवड्यातच जातात. नुसती लालसर असेल तर टिंक्चर आयोडीन लावून कोरड्या उबेत ठेवा. फुगलेल्या पोटाचं पिल्लू वाचवण्यासारखं औषध नाही. पण त्याच्यामुळं पुढचं खुडूक बसवणं सुधारता येतं. अंडी स्वच्छ निवडायची, शेणामातीची अंडी धुऊन बसवायची नाहीत, सरळ बाजूला काढायची. घरट्यातला भुसा नवा घालायचा.

बुडाला शीट चिकटून वाळली आणि वाट बंद झाली, हे या आठवड्यात नेहमीचं. ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात फडकं भिजवून दाबून धरा, मऊ झालं की पुसा, लगेच कोरडं करा, वर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. एखाद्या पिल्लाला झालं तर प्रवासाचा ताण, गारठा किंवा जास्त गरमी. दिव्याची उंची बदलून बघा.

पण बऱ्याच पिल्लांना एकदम खडूसारखी पांढरी, चिकट हगवण लागली, ती दिव्याखाली गोळा होऊन शीट टाकताना किंचाळत असतील आणि रोज मरत असतील, तर ते वेगळं. ही साल्मोनेला जंतूची पांढरी हगवण, पुलोरम म्हणतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येते आणि आईच्या अंड्यातूनच येते. यात डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध देऊन काही पिल्लं उठतात, पण उठलेली पिल्लं आयुष्यभर तो जंतू बाळगतात आणि त्यांच्या अंड्यांतून पुढच्या पिल्लांना देतात. म्हणून या आजारातून वाचलेल्या तलंगा कितीही देखण्या झाल्या तरी त्यांची अंडी उबवायला ठेवू नका. गटातल्या बायकांना हे पटवून द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण समोर अंडी घालणारी चांगली कोंबडी दिसत असते.

पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले असतील तर ते गुळगुळीत कागदामुळं. वर्तमानपत्र अंथरायचंच असेल तर त्यावर बारदान टाका. फाकलेले पाय लोकरीच्या धाग्यानं सैलसर, अंगाखाली सरळ येतील एवढ्या अंतरावर बांधून ठेवले तर काही दिवसांत ते उभं राहतं. पहिल्या दोन दिवसांत बांधलं तरच.

बुरसा आणि तूस

आमच्याकडं गिरणीतला भाताचा तूस फुकट मिळतो, पिल्लांखाली घालायला तो उत्तम. पण पोतं पावसात भिजलेलं असेल, हातात घेतल्यावर कुबट वास आला किंवा आत पांढरी-हिरवी जाळी दिसली, तर वापरू नका. उन्हात वाळवूनसुद्धा नको. बुरशीची बी श्वासातून फुप्फुसात जाते. पिल्लू मान लांब करून, चोच उघडी टाकून श्वास घेतं, पण घशातून घरघर येत नाही. ही घरघर नसणं हीच खूण. याला उपाय नाही, तूस सगळा बदलायचा आणि उरलेली वाचवायची. बुरसलेल्या मक्याच्या भरड्याचं आणि शेंगदाणा पेंडीचंही तेच. त्यातलं विष यकृतावर बसतं, पिल्लं वाढत नाहीत आणि दिलेली लसही नीट लागत नाही. “जनावरांना नको, कोंबड्यांना टाकू” असं म्हणून दिलेला काळा पडलेला मका फार पिल्लं घेऊन जातो.

तीन ते सहा आठवडे : रक्ती हगवण

आमच्या खोऱ्यात ज्येष्ठ लागल्यापासून भाद्रपदापर्यंत मला येणारे बहुतेक फोन याचे असतात, म्हणून इथं सविस्तर सांगते.

कॉक्सिडिया नावाचा डोळ्याला न दिसणारा परजीवी आतड्यात वाढतो. त्याची अंडी शीटेतून बाहेर पडतात. बाहेर पडल्या पडल्या ती काही करत नाहीत. त्यांना ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, मग पिल्लू टोचा मारताना ती गिळतं. पुढं पाच-सहा दिवसांत आतड्याचं अस्तर फाटून रक्त येतं. म्हणजे आज रक्त दिसलं तर गेल्या आठवड्यात कुठं काय ओलं झालं होतं ते आठवा. बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखालची जागा निघते, नाहीतर वळचणीच्या पागोळ्या पडतात तो कोपरा.

पिल्लू फिकट पडतं, तुरा आणि चोचीची कड पांढुरकी होते, पंख लोंबतात, खाणं सुटतं पण पाणी पितं. म्हणूनच औषध पाण्यातून. अँप्रोलियमची २० टक्के पावडर जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते. रक्त दिसत असेल तर लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्यानंतर लिटरला ०.३ ग्रॅम, एक-दोन आठवडे. पाकिटावरचं टक्केवारीचं प्रमाण आधी वाचा, कंपनीगणिक ते बदलू शकतं आणि हा हिशेब २० टक्क्यांचाच आहे. एवढं बारीक वजन घरच्या चमच्यानं होत नाही. दुकानदाराकडून किंवा सोनाराच्या काट्यावर एकदा मोजून घ्या, पुड्या बांधून ठेवा. पाणी रोज नवं करा आणि दुसरं कुठलंही पाणी, अगदी खरकट्याची बादलीसुद्धा, समोर ठेवू नका. पावसात अंगणातल्या डबक्याचं पाणी प्यायली तर औषधाचं पाणी तसंच राहतं.

आणि हे लक्षात ठेवा. अँप्रोलियम चालू असताना बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. हे औषध बी-वन जीवनसत्त्वाची जागा घेऊन परजीवीला उपाशी मारतं. आपण वरून बी-वन दिलं की परजीवीलाच जेवण मिळतं. अशक्तपणा दिसतो म्हणून लोक प्रेमानं दोन्ही एकत्र देतात आणि मग औषध लागू पडत नाही म्हणतात. मोठी मात्रा संपल्यावर अ आणि के जीवनसत्त्व द्या, आतडं भरायला त्यांची मदत होते.

औषधाइतकंच काम फावड्याचं. भिजलेला तूस काढून टाका, कोरडा घाला. फिनेल शिंपडून या परजीवीची अंडी मरत नाहीत. कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी यांनी मरतात. भांडी रोज उकळत्या पाण्यानं धुवा. पाण्याचं भांडं विटांवर ठेवून पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे त्यात पाय जात नाहीत आणि पाणी सांडत नाही. मुठीत तूस दाबून बघा. गोळा झाला तर ओला आहे, हात उघडल्यावर मोकळा पडला तर ठीक.

विकतच्या स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांच्या, खाद्यात कधी कधी या आजाराला आळा घालणारं औषध मिसळलेलं असतं, पोत्यावर लिहिलेलं असतं. त्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल तर ते पोतं घोड्यांपासून लांब ठेवा. माझ्या माहेरच्या भागात धनगरांची घोडी दारात बांधलेली असतात, आणि हे खाद्य पोटात गेलं तर घोडं मरू शकतं.

मानमोडी, गंबोरो आणि लसीचा दिवस

मानमोडी, म्हणजे राणीखेत, कुठल्याही वयात येते. हिरवी पाण्यासारखी शीट, धाप, मग मान पिरगळून वर किंवा मागं जाणं, पाय-पंख लुळे पडणं. विषाणूचा आजार आहे, एकदा लागल्यावर औषध नाही. कांद्याचा रस, डोळ्यात हळद, डाग देणं यानं पिल्लाचे हाल वाढतात, आजार तसाच राहतो. गंबोरो मुख्यत्वे तीन ते सहा आठवड्यांत येतो. पिल्लं एकदम थरथरतात, पांढरी पातळ शीट करतात, स्वतःचंच बूड टोचतात, तीन-चार दिवस जोरात मरतूक होते आणि ओसरते. वाचलेल्यांची प्रतिकारशक्ती मात्र खचते. यालाही लस हाच उपाय.

लसीचा क्रम असा ठेवतात. मरेक्स या विषाणूच्या आजाराची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचतात, पिल्लं विकत घेताना ती दिली का विचारा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्या सौम्य लसीचा, एक थेंब डोळ्यात. बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पडद्यात. आठ आठवडे झाल्यावर राणीखेतची आर-टू-बी टोचायची, त्याआधी नाही, कारण ती तीव्र असते आणि लहान पिल्लाला झेपत नाही.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि घरात पिल्लं बारा. एकटीनं घेतली तर उरलेली फेकावी लागते. म्हणून आमच्या वाडीत आम्ही कोंबड्या खुडूक बसवतानाच ठरवून एकाच आठवड्यात बसवतो. एकवीस दिवसांनी सगळ्यांची पिल्लं बरोबर निघतात आणि सातव्या दिवशी एकच बाटली घरोघर फिरते. तुमच्याकडं गट असेल तर हे नक्की करा, बाकी सगळ्या उपायांपेक्षा यानं जास्त पिल्लं वाचतात.

लस दुकानातून घरी बर्फाच्या थर्मासात आणायची, २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. एसटीत मांडीवर पिशवीत ठेवून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. संध्याकाळी द्या. मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवा. पिल्लू आडवं धरून थेंब डोळ्यात पडू द्या, ते डोळा मिचकावेपर्यंत सोडू नका. आजारी पिल्लाला लस देऊ नका. झाल्यावर हात साबणानं धुवा, न धुता डोळे चोळले तर आपलेही डोळे लाल होतात. रिकामी बाटली उकळून पुरा.

रोग गावात येतो तो बहुधा जत्रेच्या दिवसांत. पाहुण्यांसाठी बाजारातून कोंबड्या येतात आणि चार दिवस आपल्या खुराड्यात राहतात. बाजारचा पक्षी दोन आठवडे वेगळा बांधा, त्याचं पाणी वेगळं. कापायला आणलेला असेल तर पिसं आणि आतडी उकिरड्यावर टाकू नका, पुरा. आपली पिल्लं तिथंच उकरत असतात.

बाकीचं थोडक्यात

शिंका, डोळ्यात फेस, रात्री घशातून खर्र आवाज, ही जुनाट सर्दी. आधी गुडघे टेकून पिल्लांच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय. थंडीला घाबरून पडदे पूर्ण बंद केले की असं होतं. खालून बंद, वरून वीतभर उघडं ठेवा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टर.

पायाची बोटं आत मुडपून पिल्लू घोट्यावर चालत असेल तर बी-टू कमी आहे. मान मागं टाकून आभाळाकडं बघत असेल तर बी-वन. या दोन्हींत बी-कॉम्प्लेक्सचे थेंब लवकर दिले तर छान गुण येतो. मान वाकडी दिसली म्हणून लगेच मानमोडी म्हणू नका, हिरवी शीट आणि धाप आहे का बघा. पाय वाकडे, हाडं लवचिक लागली तर डी-थ्री आणि कॅल्शियम, आणि रोज सकाळचं ऊन. नुसत्या कण्या आणि मक्याच्या भरड्यावर वाढवलेल्या पिल्लांत हे सगळं जास्त दिसतं. निदान पहिले सहा आठवडे स्टार्टर खाद्य द्या.

तुऱ्यावर, पापणीवर खपल्या आल्या तर देवी, डास पसरवतात. खपल्या ओरबाडू नका, आयोडीन लावा, डोळा मिटला असेल तर कोमट पाण्यानं उघडून पाणी पाजा. आईच्या पंखाखालच्या उवा पिल्लांवर उतरतात आणि पिसं-कातडी कुरतडून त्यांना अशक्त करतात. खुडूक बसवायच्या आधी कोंबडीची पिसं उलटून बघा आणि तिला राखेत लोळायला खड्डा करून द्या. जंताचं औषध सहा-सात आठवड्यांनंतर.

अँटिबायोटिक

दुकानात गेलं की लाल-पिवळी पावडर हातात मिळते, “सगळ्याला चालते” म्हणून. तशी कुठलीच पावडर नसते. मानमोडी, गंबोरो, देवी यांना अँटिबायोटिक लागू होत नाही. कॉक्सिडियाला त्याचं स्वतःचं औषध आहे. अर्धवट दिलेल्या मात्रेनं जंतू निर्ढावतात आणि उद्या तेच औषध आपल्या लेकरांना लागू पडत नाही. याच काळजीपोटी सरकारनं २०१९ साली कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला बंदी घातली. कुणाकडं जुनं पाकीट पडून असेल तर वापरू नका. डॉक्टरांनी लिहून दिलं तर पूर्ण दिवस द्या, आणि पाकिटावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय ती कोंबडी कापू नका, अंडी खाऊ नका.

एकदम मरतूक झाली तर

सकाळी उघडलं आणि बरीच पिल्लं किंवा मोठ्या कोंबड्याही एकदम मेलेल्या दिसल्या, तर स्वतः चिरून बघू नका, कापून खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात तो पहिल्यांदा तिथंच सापडला. दरवेळी तोच असेल असं नाही, पण ठरवायचं काम आपलं नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. वय, एकूण पिल्लं, किती मेली, कधीपासून, शीट कशी, कुठली लस कधी दिली, खाद्य किंवा तूस नुकता बदलला का, नवा पक्षी आणला का, एवढं कागदावर लिहून मगच फोन लावा. साध्या मरतुकीत डॉक्टरांना ताजं मेलेलं पिल्लू दाखवता आलं तर निदान पक्कं होतं. दोन पिशव्यांत घालून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठल्यावर आतले अवयव नीट वाचता येत नाहीत.

मेलेली पिल्लं कमरेएवढ्या खड्ड्यात, वर-खाली चुना टाकून पुरा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. कुत्री उकरणार नाहीत असे दगड वर ठेवा. सगळा तूस खरवडून जाळा किंवा पुरा, जमीन घासून धुवा, वाळल्यावर भिंतींना चुना द्या, भांडी उन्हात उलटी घाला. नंतर खुराडं निदान दोन आठवडे रिकामं राहू द्या. आमच्या बाजूला पावसाळ्यात ते वाळतच नाही, अशा वेळी मी बायकांना पुढची कोंबडी घटस्थापनेनंतरच खुडूक बसवायला सांगते.